संध्याकाळचे लंडन : न्यायालयापासून सरायीपर्यंत

लंडनला जाणारा मराठी पर्यटक बहुधा ठरावीक स्थळे पाहून परततो. बिग बेन, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा आणि मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे. मात्र या शहराचा खरा स्वभाव कळतो तो दिवसभराची कामे उरकून लोक घराकडे अथवा पबकडे वळतात त्या वेळी. जून महिन्यात येथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सायंकाळी साडेपाचला निघालेल्या पांथस्थापाशी जवळजवळ चार तासांचा उजेड शिल्लक असतो. तेवढ्या वेळात स्ट्रँडवरील न्यायालयापासून थेम्सपलीकडच्या एका जुन्या सरायीपर्यंतचा तीन ते साडेतीन किलोमीटरचा फेरफटका निवांतपणे होतो. वाटेत ऐतिहासिक वास्तू आहेत, तीनशे वर्षे जुने पब आहेत आणि 'जिओकॅशिंग' या आधुनिक खेळाचे चाहते असाल तर शोधण्याजोग्या दडवलेल्या डब्याही आहेत. मराठी वाचकासाठी मात्र या वाटेला आणखी एक पदर आहे. एका मराठी संपादकाच्या आयुष्यातील मोठा पराभव याच वाटेच्या प्रारंभी नोंदला गेला.

उपग्रह आणि डबी

प्रथम या खेळाविषयी. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मूळची लष्करी. नागरी वापरासाठीच्या संकेतांत जाणूनबुजून चूक मिसळली जात असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रात सुमारे शंभर मीटरपर्यंतचा फरक पडे. २ मे २००० रोजी ही कृत्रिम चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या संगणक-सल्लागाराने ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली लपवली, तिच्यात काही वस्तू व वही ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. काही दिवसांतच ती सापडली. त्याच वर्षी या छंदाला 'जिओकॅशिंग' हे नाव मिळाले. आज जगभरात तीस लाखांहून अधिक अशा जागा नोंदलेल्या आहेत.

खेळाचे नियम सोपे आहेत. डबी शोधावी, आतील कागदावर नाव व तारीख लिहावी आणि ती जशी होती तशीच ठेवावी. एखादी वस्तू उचलल्यास तिच्याच तोलाची दुसरी ठेवावी. शोधण्यातील अवघडपणा आणि जागेची दुर्गमता यांना एक ते पाच असे गुण दिलेले असतात. शहरात मोठे डबे चालत नाहीत. फोटोच्या फिल्मची डबी, किल्ली ठेवण्याची चुंबकी पेटी किंवा बोटाच्या पेराएवढी नळी यांवरच भागवावे लागते. 'मल्टी' प्रकारात एकाच ठिकाणी उत्तर मिळत नाही. पाटीवरील साल, पुतळ्याच्या चौथऱ्यावरील अक्षरे यांची बेरीज-वजाबाकी करून पुढचे ठिकाण काढावे लागते. 'व्हर्च्युअल' प्रकारात डबीच नसते, तेथे केवळ निरीक्षणाचा पुरावा द्यायचा असतो. शिलालेखांनी भरलेल्या लंडनला हे दोन्ही प्रकार फार मानवतात.

अक्षांश-रेखांश अंश व दशांश-मिनिटांत दिले जातात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे १.८५ मीटर. कागदावर ही अचूकता मोहक दिसते. प्रत्यक्षात उंच इमारतींच्या भिंतींवर आदळून येणारे संकेत मोबाइलला फसवतात आणि नकाशावरचा ठिपका रस्त्याच्या या बाजूवरून त्या बाजूला उड्या मारू लागतो. अशा वेळी यंत्र खिशात ठेवून डोळे उघडे ठेवणे हाच उपाय. ज्या शहराने जगाला शून्य रेखांश दिले, तेथे तर हा विनोद अधिकच रंगतो. ग्रीनिचच्या वेधशाळेतील पितळी रेषेवर उभे राहिल्यास जीपीएस शून्य दाखवत नाही. त्याचे शून्य सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे.

न्यायालयाच्या पायरीशी

टेंपल या भुयारी रेल्वे स्थानकावरून चढ चढून वर आले की 'रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस'ची गॉथिक शैलीतील इमारत समोर येते. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट त्याआधीच्याच वर्षी निवर्तले होते.

याच उच्च न्यायालयात १९१९ च्या प्रारंभी लोकमान्य टिळकांचा अब्रूनुकसानीचा दावा चालला. 'द टाइम्स'चे परराष्ट्र विभागाचे माजी प्रमुख व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्या दैनिकासाठी लिहिलेली लेखमाला १९१० मध्ये 'इंडियन अनरेस्ट' या नावाने पुस्तकरूपाने आली. तिच्यात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवण्यात आले होते आणि पुण्यातील रँड व नाशिकचे जॅक्सन यांच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारी विधाने होती. मंडालेच्या तुरुंगातून सुटल्यावर टिळकांनी चिरोल यांना इंग्रजांच्याच न्यायासनासमोर खेचले. त्यांच्या बाजूने सर जॉन सायमन, विरुद्ध बाजूने सर एडवर्ड कार्सन आणि न्यायासनावर न्यायमूर्ती डार्लिंग. फेब्रुवारीत ज्यूरीने टिळकांविरुद्ध कौल दिला. खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर पडला. चिरोल यांनी दिलेली 'असंतोषाचे जनक' ही उपाधी मात्र महाराष्ट्राने निंदा म्हणून नव्हे, तर गौरव म्हणून स्वीकारली. टिळक १९१८-१९ मध्ये ज्या घरात राहिले, त्या हाउली प्लेसवरील घरावर आज स्मृतिफलक आहे. ते या वाटेपासून दूर, पश्चिमेला मायदा व्हेल भागात आहे.

येथून उत्तरेला पंधरा मिनिटांच्या अंतरावर 'ग्रेज इन' आहे. वेळ असेल त्यांनी तेथवर जाऊन यावे. बॅरिस्टरांच्या या संस्थेने स्वातंत्र्यवीर सावरकरांना अभ्यासक्रम पूर्ण होऊनही १९०९ मध्ये सनद नाकारली. याच संस्थेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये दाखल झाले आणि पुढे बॅरिस्टर झाले.

वर्तमानपत्रांविना फ्लीट स्ट्रीट

न्यायालयाच्या पूर्व टोकाला रस्त्याच्या मधोमध पंखवाला ड्रॅगन दिसतो. वेस्टमिन्स्टर संपून 'सिटी' सुरू होते ती ही सीमा. येथे पूर्वी 'टेंपल बार' ही क्रिस्टोफर रेन यांनी बांधलेली वेस होती. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून १८७८ मध्ये ती उतरवण्यात आली. तिची पुन्हा भेट होणार आहे, मात्र वाटेच्या उत्तरार्धात.

ड्रॅगनपाशी स्ट्रँड संपतो आणि फ्लीट स्ट्रीट लागतो. मुद्रणाचा आणि या रस्त्याचा संबंध पाचशे वर्षांचा आहे. कॅक्स्टनचा सहकारी विंकिन दे वोर्द याने १५०० च्या सुमारास येथे छापखाना आणला. इंग्रजीतील पहिले दैनिक 'डेली कूरंट' ११ मार्च १७०२ रोजी याच रस्त्याच्या पूर्व टोकाला, फ्लीट नदीवरील पुलापाशी निघाले. प्रकाशिका होती एलिझाबेथ मॅलेट आणि तिचे दुकान 'किंग्ज आर्म्स' या मद्यगृहाला लागून होते. वृत्तपत्र आणि मद्यगृह यांचा शेजार असा पहिल्या अंकापासूनचा!

विसाव्या शतकात लंडनमधील बहुतेक मोठ्या दैनिकांची कार्यालये या रस्त्यावर किंवा त्याच्या गल्ल्यांत होती. तळघरातील यंत्रे रात्री सुरू झाली की इमारती थरथरत. जानेवारी १९८६ मध्ये रूपर्ट मरडॉक यांनी आपली वृत्तपत्रे पूर्वेकडील वॉपिंगला हलवली. संगणकावरील जुळणीमुळे हजारो छापखाना-कामगारांची गरज संपली, वर्षभर संप व निदर्शने झाली आणि एकामागून एक दैनिके निघून गेली. 'रॉयटर्स'ने २००५ मध्ये मुक्काम हलवला. ऑगस्ट २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या 'संडे पोस्ट'चे येथील शेवटचे दोन पत्रकारही गेले. 'डेली एक्स्प्रेस'ची १९३२ ची काळ्या काचेची इमारत आणि 'डेली टेलिग्राफ'चे भलेमोठे घड्याळ जागेवर आहे, बातमी मात्र येथे लिहिली जात नाही. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला हा रस्ता चालताना थोडे गप्प व्हायला होते.

पब मात्र राहिले. डाव्या हाताला लागणारे सेंट डन्स्टन चर्च आधी पाहावे. त्याचे १६७१ चे घड्याळ हे मिनिटकाटा असलेले लंडनमधील पहिले सार्वजनिक घड्याळ म्हणून ओळखले जाते आणि दोन राक्षसाकृती पुतळे त्याचे टोल वाजवतात. जवळच 'एल व्हिनो' हे मद्यगृह आहे. पत्रकार आणि वकील येथे उभे राहून बातम्यांची देवघेव करीत, पण स्त्रियांना काउंटरपाशी मद्य दिले जात नसे. त्यांनी मागच्या खोलीत बसावे, असा दंडक होता. एक महिला वकील आणि एक महिला पत्रकार यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये अपील न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. गप्पांच्या जागी प्रवेश नाकारणे म्हणजे बातमीच्या जागी प्रवेश नाकारणे, हे तेथे काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होते.

डॉ. जॉन्सन आणि पोपट

पुढे डावीकडे अरुंद बोळ सुरू होतात. त्यांपैकी एकातून गॉफ स्क्वेअरमध्ये जावे. क्रमांक १७ च्या घरात डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७४८ ते १७५९ या काळात राहिले आणि येथेच त्यांनी आपला इंग्रजी शब्दकोश सिद्ध केला. तो १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. घराचे संग्रहालय सायंकाळी बंद असते. समोर मात्र त्यांच्या 'हॉज' या मांजराचा पुतळा कायम हजर असतो. शब्दकोशावर बसलेले मांजर आणि त्याच्या पायाशी कालवाचे शिंपले. १९९७ मध्ये बसवलेला हा पुतळा 'मल्टी' कोडे रचणाऱ्याला आयते साहित्य पुरवतो. शिंपले किती, पुस्तक कोणते, साल कोणते, असे प्रश्न विचारले की येणारा पाहुणा दोन मिनिटे थांबून खरोखर पाहतो. या खेळाची खरी किंमत तीच आहे. एरवी पर्यटक छायाचित्र घेऊन पुढे सरकतो.

त्याच परिसरात 'यी ओल्ड चेशायर चीझ' हा पब आहे. १६६६ च्या भीषण आगीत जुने मद्यगृह जळाले आणि १६६७ मध्ये आजची वास्तू उभी राहिली. दारापाशी तेव्हापासून होऊन गेलेल्या राजे-राण्यांची यादी आहे. आत खिडक्या मोजक्या, छत ठेंगणे, भिंती धुराने काळवंडलेल्या. खाली उतरत जाणारी तळघरे त्याहून पुरातन असून ती मध्ययुगीन मठाची असावीत, असे मानले जाते. जॉन्सन येथे येत याचा लेखी पुरावा नाही, पण त्यांचे घर हाकेच्या अंतरावर होते. येथील 'पॉली' नावाचा पोपट एवढा प्रसिद्ध होता की १९२६ मध्ये तो मेला, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी त्याचे मृत्युलेख छापले. बाजूलाच बातमीदार बसत असल्यावर दुसरे काय होणार?

दोन मनोरे, एक रात्र

रस्त्याच्या उजव्या बाजूस, इमारतींच्या मागे सेंट ब्राइड्स चर्च आहे. मजल्यांवर मजले चढवलेला त्याचा मनोरा पाहून लडगेट हिलवरील एका मिठाईवाल्याने लग्नाचा बहुमजली केक बनवला, अशी आख्यायिका आहे. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या आगलाव्या बॉम्बनी हे चर्च आतून जळून गेले. मनोरा उभा राहिला. त्याच रात्री काही मिनिटांच्या अंतरावरील सेंट पॉल्सचा घुमट धुरातून वर आलेला दिसला आणि ते छायाचित्र युद्धकाळातील लंडनची ओळख बनले. सेंट ब्राइड्स १९५७ मध्ये पुन्हा उघडले. ते पत्रकारांचे चर्च मानले जाते आणि कामगिरीवर असताना मृत्यू पावलेल्या वार्ताहरांची स्मृती तेथे जपली जाते.

लडगेट सर्कसवरून उजवीकडे वळल्यास 'ब्लॅकफ्रायर' हा पाचरीच्या आकाराचा पब लागतो. मूळ इमारत १८७५ ची, तर संगमरवर, मोझेक आणि हसऱ्या भिक्षूंची तांब्याची शिल्पे ही सजावट १९०५ च्या सुमाराची. येथे पूर्वी डॉमिनिकन साधूंचा मठ होता. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात ही वास्तू पाडण्याचा घाट घातला गेला होता. कवी जॉन बेटजेमन आणि इतरांनी केलेल्या विरोधामुळे ती वाचली. समोरच्या भागात 'प्रिंटिंग हाउस स्क्वेअर' होता. 'द टाइम्स'चे कार्यालय १७८५ पासून १९७४ पर्यंत तेथे होते. म्हणजे चिरोल यांची लेखमाला छापणारे यंत्र आणि टिळकांचा दावा फेटाळणारे न्यायालय यांमध्ये पंधरा-वीस मिनिटांची पायवाट आहे. पुण्याहून हजारो मैल प्रवास करून आलेल्या 'केसरी'कारांना हे अंतर केवढे वाटले असेल!

वेस, पूल आणि सराय

लडगेट हिल चढून सेंट पॉल्सपाशी यावे. १६७५ मध्ये सुरू झालेले हे काम १७१० च्या सुमारास पुरे झाले. उंची ३६५ फूट. उत्तरेच्या बाजूला पॅटर्नोस्टर स्क्वेअरच्या तोंडाशी आपली हरवलेली वेस उभी आहे. शंभराहून अधिक वर्षे हर्टफर्डशायरमधील एका बागेत काढून टेंपल बार २००४ मध्ये शहरात परतली.

घुमटाकडे पाठ करून सरळ चालले की मिलेनियम ब्रिज येतो. फक्त पादचाऱ्यांसाठीचा हा पूल १० जून २००० रोजी उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. चालणाऱ्यांच्या पावलांमुळे तो बाजूला झुले, तोल सावरण्यासाठी सर्वांची पावले नकळत एकाच लयीत पडत आणि हेलकावे वाढत. कंपने शोषणारी उपकरणे बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. दिवेलागणीच्या वेळी पुलाच्या मध्यावर थांबावे. मागे सेंट पॉल्स, पुढे टेट मॉडर्न आणि खाली भरती-ओहोटीप्रमाणे दिशा बदलणारी थेम्स.

दक्षिण तीरावर १९९७ मध्ये नव्याने उभारलेले शेक्सपिअरचे 'ग्लोब' नाट्यगृह आहे आणि पुढे 'अँकर' हा पब. १६६६ ची आग सॅम्युएल पेपिस यांनी या काठावरच्या मद्यगृहातून पाहिली असे त्यांच्या रोजनिशीत आहे. ते मद्यगृह हेच, असे परंपरा सांगते. बरो मार्केट ओलांडले की 'जॉर्ज इन'चे अंगण लागते. सदर्कमधील १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी बांधलेली ही सराय आता 'नॅशनल ट्रस्ट'च्या मालकीची आहे. लाकडी सज्जे असलेली लंडनमधील ही शेवटची सराय. घोडागाड्या अंगणात शिरत आणि प्रवासी सज्जांवरच्या खोल्यांत उतरत. चॉसरचे यात्रेकरू जिथून निघाले ती 'टॅबर्ड' शेजारीच होती, ती एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. अंगणातल्या बाकावर बसले की दिवसाची पायपीट सार्थकी लागते.

संशयाचे शहर, विश्वासाचा खेळ

एक इशारा आवश्यक आहे. बॉम्बस्फोट सोसलेल्या शहरात बाकाखाली हात घालून काहीतरी चाचपणारा अनोळखी माणूस सहज संशयास्पद ठरतो. २०११ मध्ये यॉर्कशायरमधील वेदरबी गावात एकाने कुंडीखाली डबी ठेवताना पाहून पोलिसांना कळवण्यात आले, रस्ता बंद झाला आणि लष्करी पथकाने ती डबी स्फोट करून नष्ट केली. ती निरुपद्रवी जिओकॅश होती. म्हणून डबीवर ठळक खूण असावी, जागेच्या मालकाची परवानगी असावी, रेल्वे स्थानके, शाळा व सरकारी इमारती टाळाव्यात, असा दंडक आहे. कोणी हटकले तर लपवाछपवी न करता सरळ खेळ समजावून सांगावा. भारतीय चेहऱ्याच्या पर्यटकाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

तरीही या खेळाच्या मुळाशी विश्वासच आहे. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी काही ठेवायचे आणि त्याने ते नासधूस न करता तिसऱ्यासाठी राखायचे. पबचीही रीत तीच. आपल्या पाळीला सर्वांसाठी पेले आणायचे आणि इतरांच्या पाळीवर विसंबायचे.

जाण्यापूर्वी

*प्रारंभ व शेवट :* टेंपल स्थानक ते लंडन ब्रिज स्थानक. थांबे धरून सुमारे चार तास.

*दिवस :* सोमवार ते शुक्रवार. 'सिटी'तील अनेक पब शनिवार-रविवारी बंद असतात. डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवावे.

*पबची रीत :* टेबलापाशी कोणी विचारायला येईल म्हणून थांबू नये, काउंटरवर जाऊन मागावे व तेथेच पैसे द्यावेत. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एवढ्या थांब्यांसाठी अर्धा पाइंटच बरा. मद्य न घेणाऱ्याला कोणी हसत नाही, फळांचा रस मागावा. मद्यासाठी वयाची अट १८ वर्षे. जुलै २००७ पासून आत धूम्रपानास बंदी आहे.

*सोबत :* पेन, कारण डबीत ते नसते. चार्ज केलेला मोबाइल, छोटी विजेरी आणि पाऊस येणारच या खात्रीने छत्री.